डाव्या खांद्याचा पदर

कामोठ्यात कोणाच्या घरी लग्न ठरलं की मांडवाचे बांबू यायच्या आधी सोनाबाईला निरोप जायचा. नवरीला लुगडं नेसवावं तर तिनेच, असं गाव मानून होतं. आगऱ्यांचं लुगडं नेसायला सोपं नाही. नऊवारी कापड लांबीत दुमडून घ्यायचं, कमरेला एकच गाठ मारायची, कासोटा मागे असा खोचायचा की गुडघे मोकळे राहतील, आणि पदर उजव्या काखेखालून काढून डाव्या खांद्यावरून मागे न्यायचा आणि फिरवून कमरेशी घट्ट बसवायचा. या लुगड्यात बाई गुडघाभर चिखलात उतरते, मिठागराच्या बांधावरून डोक्यावर टोपली घेऊन पळते, वाकते, उठते, आणि काहीही सुटत नाही. टाचणी लागत नाही. सोनाबाईने नेसवलेल्या नवऱ्या हळदीपासून वरातीपर्यंत नाचल्या तरी त्यांचा पदर जागचा हलला नव्हता.

तिची एक रीत होती. नवरीच्या समोर ती कधी उभी राहायची नाही. मागे उभी राहायची, आणि नवरीच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे घालून तिच्या पोटावर गाठ मारायची, जणू स्वतःलाच नेसवते आहे. हे तिला सासूने शिकवलं होतं. समोर उभं राहिलं की डावं उजवं होतं, आणि पदर उजव्या खांद्यावर जातो. तसा पदर त्यांच्या गावात एकाच प्रसंगी घेतात, बाईला शेवटचं नेसवताना. ते काम भीमाबाईचं. भीमाबाई साठीची, विधवा, बोलायला तिखट. गावात कोणी बाई गेली की तिला बोलावणं यायचं. दोघींची घरं एकाच आळीत होती आणि दोघींचं बरं होतं. भीमाबाई म्हणायची, कामोठ्यातल्या बाईला सोनी घरात आणते आणि मी बाहेर काढते, मधलं काय ते तिचं तिने बघावं.

१९६४ सालच्या माघात सोनाबाई नेहमीप्रमाणे पनवेलला डॉक्टरांच्या घरी मीठ आणि वाल घेऊन गेली. त्या घराशी तिचा वीस वर्षांचा राबता होता. डॉक्टरांची मुलगी चंद्रावतीबाई लग्न होऊन मुंबईला गेली होती आणि हातमागाच्या कापडाचं काहीतरी काम करत होती. त्या दिवशी ती माहेरी आली होती. सोनाबाई मागच्या दाराने आली, टोपली उतरवायला वाकली, उठली, आणि चंद्रावतीबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली की सोनाबाई, पुन्हा एकदा वाक बघू.

सोनाबाईला वाटलं, टोपलीत काही पडलं असेल. ती वाकली.

त्यातून सगळं सुरू झालं. अमेरिकेत न्यूयॉर्कला मोठं जागतिक प्रदर्शन भरणार होतं. देशोदेशीचे मंडप, त्यात भारताचाही. चंद्रावतीबाई आणि तिच्या ओळखीच्या काही बायका तिथे कापडांचा एक कार्यक्रम करायला निघाल्या होत्या. मुली वेगवेगळ्या प्रांतांची लुगडी, साड्या, घागरे घालून लोकांसमोरून चालत जाणार. बनारसी होतं, कांजीवरम होतं, पण पायात बळ असलेलं, कामाचं लुगडं एकही नव्हतं. चंद्रावतीबाईने हे सगळं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं. सोनाबाई जमिनीवर बसून चहा पीत ऐकत होती. तिने विचारलं,

"जगाची जत्रा म्हंता, ती कुठच्या देवाची?"

चंद्रावतीबाई म्हणाली की देव नाही, यंत्रं असतात, मोटारी असतात, आकाशात सोडायचे बाण असतात.

"देव नाय तं लोक कशाला जातान?"

"बघायला."

हे सोनाबाईला पटलं. बघायला माणूस कुठेही जातं. पण दुसरी गोष्ट तिला कळेना. मुली चालून दाखवणार, हे तिला ठाऊक होतं. मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा तिला चालायला लावतात, पायात काही खोड आहे का ते कळावं म्हणून. पण तिथे पाहुणा एक असतो आणि मुलगी एक. इथे बघणारे हजार, चालणाऱ्या वीस.

"मंग पसंत कुनाला करतान?" तिने विचारलं.

"कापडाला," चंद्रावतीबाई म्हणाली.

सोनाबाई खूप हसली. घरी जाऊन तिने नवऱ्याला, बुधाजीला, हेच सांगितलं की तिकडे पोरींना चालायला लावतात आणि लुगडं पसंत करतात. बुधाजी मिठागरावर मुकादम होता, चार बुकं शिकलेला, सावकाश विचार करणारा. तो म्हणाला की बरं आहे, लुगड्याला हुंडा द्यावा लागत नाही.

आठ दिवसांनी दोघं एसटीने ठाण्यावरून मुंबईला गेली. एका नाचाच्या शाळेचा मोठा हॉल होता, खाली गुळगुळीत लाकूड, आणि एका अख्ख्या भिंतीला आरसा. सोनाबाईने एवढा आरसा पाहिला नव्हता. तिच्या घरी तळहाताएवढा होता, कुंकवापुरता. या आरशात ती पायाच्या अंगठ्यापासून अंबाड्यापर्यंत एकदम दिसली आणि तिला क्षणभर कोणी ओळखीची बाई समोरून येते आहे असं वाटलं.

लुगडं नेसून चालणार होती ती रोशन नावाची पारशी मुलगी. वीस-एकवीसची, उंच, हसऱ्या दातांची. सोनाबाईने घरून आणलेलं हिरवं चौकड्याचं लुगडं उलगडलं, रोशनच्या मागे उभी राहिली आणि हात पुढे घातले. गाठ मारली. कासोटा काढला. रोशनला गुदगुल्या होत होत्या आणि ती हसत होती. तिच्या कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला देवी काढल्याचे दोन खोल व्रण होते. पदर फिरवताना सोनाबाईचा तळवा त्यावरून गेला तेव्हा तिने विचारलं की भाजलं होतं का, आणि रोशनने मोडक्या मराठीत सांगितलं की लहानपणी सरकारी माणसाने दोनदा टोचलं, पहिल्यांदा टोचलेलं तो विसरला म्हणून.

नेसवून झाल्यावर रोशन चाललीच नाही, ती घसरत गेली, जशी गोल साडीतली शहरातली बाई पावलं न दाखवता जाते. लुगडं नाटकातलं वाटायला लागलं. सोनाबाईने थोडा वेळ बघितलं. मग चंद्रावतीबाईसाठी आणलेली मिठाची टोपली उचलली, पंचाची चुंबळ केली आणि सगळं रोशनच्या डोक्यावर ठेवलं. डावा हात वर धरायला लावला, उजवा मोकळा, कारण उजव्या हाताला वाटेत काहीही काम निघू शकतं. पाच शेर मीठ डोक्यावर आल्यावर रोशनची मान सरळ झाली, गुडघे उघडले आणि पाऊल टाचेपासून पडायला लागलं. आता लुगडं खरं दिसत होतं.

दिवसभर सराव चालला. रोशनला तिकडे स्वतःच नेसायचं होतं, म्हणून ती आरशात बघून शिकत होती. एक मुलगी वहीत चित्रं काढत होती. सोनाबाई मागे उभी राहून, तीही आरशातच बघून, हात धरून शिकवत होती. परतीच्या एसटीत ती कपाळ दाबून बसली होती. बुधाजीने विचारलं तेव्हा म्हणाली की त्या आरशात दिवसभर बघून डोकं फिरल्यासारखं झालंय, डावा हात उचलला की समोरची उजवा उचलते. तिथे तो विषय संपला.

वर्ष गेलं. पावसाळ्यात भात झालं, थंडीत मीठ सुरू झालं. पुढच्या पौषात डॉक्टरांच्या घरी तिच्यासाठी एक पाकीट आलं. आत एका इंग्रजी मासिकाचं पान होतं. पानावर रोशन. डोक्यावर टोपली, गुडघे उघडे, मागे झेंड्यांची रांग, लोकांची तोंडं धूसर. सोनाबाईने ते पान लुगड्याच्या घडीत ठेवून घरी आणलं आणि आळी गोळा झाली. पोरींनी टोपलीला बोटं लावली. कोणी म्हणालं की जगाच्या जत्रेत आपलं लुगरा. बुधाजी एकेक इंग्रजी अक्षर लावत बसला.

भीमाबाई शेवटी आली. तिने पान उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"सोने," ती म्हणाली, "ही नेसवणी माजी हाय, तुजी नाय."

कोणाला आधी कळलं नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं. चित्रात पदर उजव्या खांद्यावर होता.

भीमाबाई वाईट बोलणारी नव्हती. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं, आणि त्या बाबतीत गावात तिच्यापेक्षा जास्त कोणाला कळत नव्हतं. पण त्याच महिन्यात तिची नात गोदू हिचं लग्न ठरलं होतं, फाल्गुनातलं. सोनाबाईला निरोप आला नाही. दोन दिवसांनी भीमाबाई स्वतः येऊन ओट्यावर बसली. ती म्हणाली की मी तुझ्यावर रागावले नाही, पण तुझा हात एकदा फिरला, आणि फिरलेला हात मी माझ्या नातीच्या अंगाला कसा लागू देऊ. दुसऱ्या कोणाची नात असती तरी मी हेच म्हटलं असतं.

सोनाबाईला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिने त्या पोरीला खरंच उलटं शिकवलं होतं का? दिवसभर आरशात बघत होती. आरशातल्या रोशनचा पदर कुठल्या खांद्यावर होता, ते आता तिला आठवे, पण ती आरशातली होती. खरीचा कुठे होता? चूक हाताची, की आरशाची, की त्या चित्रं काढणाऱ्या मुलीच्या वहीची? ती कामाला गेली की मिठाच्या कुंडीतल्या पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघायची, डावा हात उचलायची, आणि पाण्यातली काय करते ते बघायची. बाजूच्या बायका तिला विचारायच्या, काय गो, कोनाला बोलवतंस. आणि लग्नाहून मोठी एक धास्ती होती, जी ती फक्त बुधाजीला बोलली.

"जित्या पोरीला मी तसं पाठवलं आसंल, तं तिचं काय झालं आसंल?"

बुधाजी म्हणाला की चंद्रावतीबाईंना विचारू. विचारलं. कळलं की कार्यक्रम संपल्यावर रोशन तिकडेच भावाकडे राहिली आहे, शिकते आहे, चंद्रावतीबाई तिला पत्र टाकते, उत्तराला महिना-दीड महिना लागेल. फाल्गुन त्याआधी होता.

तेव्हा सोनाबाई ते पान घेऊन पनवेलला दिनानाथच्या फोटो स्टुडिओत गेली. लग्नांचे फोटो तो काढायचा, त्यामुळे कामोठ्याच्या सगळ्या नवऱ्या त्याने तिच्या हातच्या नेसवलेल्या पाहिल्या होत्या. तिने पान काउंटरवर ठेवलं आणि विचारलं की फोटो खोटं बोलतो का.

दिनानाथ म्हणाला की फोटो नाही बोलत, छापणारे बोलतात. त्याने निगेटिव्हची एक काच काढून दाखवली. काचेवर एका बाप्याचं चित्र होतं, त्याने ती उलटी केली, बाप्याची टोपी दुसरीकडे कलली. काच ज्या बाजूने ठेवाल तसा माणूस. मासिकवाले कधीकधी मुद्दाम उलटवतात, तो म्हणाला, कारण माणूस पानाच्या आत बघणारा लागतो. बाहेर बघणारा असला की वाचणाऱ्याची नजर पानाबाहेर जाते.

"मंग ही उलटवलेली हाय?"

"असेल. नसेलही. पाटी नाही, अक्षर नाही काही. झेंड्यावरून मला कळत नाही." त्याने भिंग काढलं आणि पान न्याहाळलं. "नाकात काही नाही हिच्या. नथ असती तर सांगितलं असतं."

"तिचं नाक टोचल्याला नाय."

मग दिनानाथने सहज म्हटलं की हातावर देवीचे व्रण दिसतायत, दोन, टोपली धरलेल्या हातावर. या उजव्या हातावर. तिच्या कुठल्या हातावर होते ते आठवतं का?

टोपलीचा हात बाई थकली की बदलते, त्यावरून काही ठरत नव्हतं; व्रण मात्र सोनाबाईला आठवत होते. पण आठवणीतही आरसा होता. हॉलमधली रोशन हसत हात दाखवते आहे, आरशातलीही दाखवते आहे, आणि कुठली कुठली ते लागत नाही. ती बाकावर बसली. दिनानाथने दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम काढलं.

थोड्या वेळाने ती उठली. स्टुडिओत पडद्यासमोर एक खुर्ची होती, उंच पाठीची, लोक जिला हात टेकून फोटो काढायचे. सोनाबाई त्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. डोळे मिटले. दोन्ही हात खुर्चीच्या बाजूंनी पुढे घातले, पोटावर गाठ मारतात तशी गाठ मारली, हात मागे आणून कासोटा खोचला, आणि पदर घेतला. मागून उभं राहिलेल्या बाईला डावं-उजवं शोधावं लागत नाही. तिचं डावं तेच नवरीचं डावं. उजव्या हाताने तिने पदर काखेखालून काढला, आणि डाव्या हाताने पुढच्या बाईचा डावा हात बाजूला केला, पदराला वाट द्यायला, जसा ती तीस वर्षं करत आली होती. तिथे तिचा हात थांबला. डाव्या तळव्याला दोन खड्डे लागले होते. आत्ता नाही, तेव्हा. पण तळव्याला ते अजून ठाऊक होते.

"डाव्या," ती डोळे न उघडता म्हणाली. "मना हाताला लागलं व्हते. डाव्या."

दिनानाथने भिंतीवरचा आरसा काढला, ज्यात गिऱ्हाइकं भांग पाडायची, आणि पान त्याच्यासमोर धरलं. आरशात रोशन वळली. टोपलीचा हात डावा झाला, व्रण डाव्या हातावर आले, आणि हिरव्या लुगड्याचा पदर डाव्या खांद्यावरून मागे गेला. सोनाबाईने गुडघ्यांपासून वर सगळं तपासलं, जशी ती मांडवात नवरीला बाहेर सोडण्याआधी तपासायची. कासोटा थोडा सैल होता. बाकी ठीक होतं.

भीमाबाईला हे पटवणं सोपं नव्हतं. सोनाबाईने दिनानाथकडून आरसा मागून आणला आणि ओट्यावर मांडला. भीमाबाईने पान बघितलं, आरसा बघितला, पुन्हा पान बघितलं. व्रणांवर तिने फार वेळ घालवला. ती म्हणाली की आरशात तर माझाही पदर उलटा दिसतो, म्हणून मी काय मेले?

"त्येच तं सांगतंय मी," सोनाबाई म्हणाली.

मग भीमाबाईने विचारलं की पण मुळात छापणाऱ्याने तिला फिरवली कशाला. सोनाबाईने पानाच्या आत बघणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. भीमाबाईने ती नीट ऐकून घेतली.

"म्हंजे कागदाच्या सोईसाठी बाईला फिरवली," ती म्हणाली. मग म्हणाली, "पोरीच्या हातावरचा डाग तुज्या हाताला लागलेला, ता मी मानतंय. माज्या हाताला पन लक्षात रातान, कोनाच्या अंगावर काय व्हतं ते."

ती उठली आणि जाताना, मागे न बघता, हळद कुठल्या दिवशी आहे ते सांगून गेली.

गोदूला सोनाबाईनेच नेसवलं. भीमाबाई दाराबाहेर बसून होती, विधवेने नवरीच्या खोलीत येऊ नये म्हणून, पण दार तिने पुरतं उघडं ठेवायला लावलं होतं. खोलीत गोदूच्या मामाने आणलेला नवा आरसा होता. सोनाबाईने आधी त्याच्यावर टॉवेल टाकला, मग नवरीच्या मागे उभी राहिली. ही सवय तिने पुढे कायम ठेवली.

चैत्रात रोशनचं पत्र आलं, चंद्रावतीबाईने वाचून दाखवलं. ती सुखरूप होती, थंडीने हैराण होती. सहा महिने रोज दोनदा लुगडं नेसून चालली, पदर एकदाही घसरला नाही. कार्यक्रम झाला की बायका मागे येऊन टाचणी कुठे आहे ते शोधायच्या. सोनाबाईने विचारलं की त्यातल्या कोणी नेसून बघितलं का. चंद्रावतीबाईने पत्र पुन्हा चाळलं आणि म्हणाली की तसं लिहिलेलं नाही, टाळ्या वाजवायच्या असं लिहिलंय. सोनाबाईला याचं नवल वाटलं. एवढ्या लांब येऊन, पैसे देऊन, डोळ्यांसमोर लुगडं बघायचं आणि हातात घ्यायचं नाही. तिने बुधाजीला संध्याकाळी विचारलं की मग ज्यांना पसंत पडलं ते घरी काय घेऊन गेले?

ते पान तिने काचेत बसवून घेतलं आणि ओटीच्या भिंतीवर लावलं. समोरच्या भिंतीवर, बरोबर त्याच उंचीला, एक आरसा लावला. कोणी पाहुणा आला आणि चित्राकडे बघायला लागला की सोनाबाई उठायची, त्याच्या मागे जाऊन उभी राहायची, खांद्याला धरून त्याला हलकेच फिरवायची आणि म्हणायची, तिकरं नाय, इकरं बघा.